नांगर थांबतो, काठाचे काय?

श्रावण शुद्ध पंचमी आली की औराद-भालकीपासून आळंदपर्यंतच्या आपल्या सीमाभागात नांगर उभा राहतो, विळी भिंतीला टेकते, तवा चुलीवर चढत नाही. पुरणाची दिंडे वाफेवर शिजतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात आणि लेकीसुना लाह्या घेऊन वारुळाकडे निघतात. (दूध वाटीतच राहू द्यावे, नाग ते पीत नाही, आणि पाजण्याचा हट्ट त्याच्या जिवावर बेततो.) मातीच्या पोटात कुणीतरी नांदते आहे, आज तिला लोखंड लावू नये, एवढे भान या व्रतात पिढ्यान्‌पिढ्या मुरले आहे.

मातीत घर करणारा नाग एकटाच नव्हे. बालाघाटात उगवलेली मांजरा लातूर ओलांडून बिदरला येते. पुढे संगारेड्डीजवळ तिच्याच पाण्यावर १९७८ साली अभयारण्य झाले, ते मगरींसाठी ओळखले जाते. मगर माघ-फाल्गुनापासून काठाच्या कोरड्या मातीत खड्डा उकरून अंडी पुरते, आणि पिल्ले नर निपजणार की माद्या, हे त्या खड्ड्यातली ऊब ठरवते. दख्खनच्या नद्यांत राहणारे मऊ पाठीचे लीथचे कासव १८७२ मध्ये पुण्याकडच्या नमुन्यावरून शास्त्राच्या नोंदीत आले. आज ते अतिसंकटग्रस्त ठरले आहे. हयात पाण्यात काढणाऱ्या या जीवांना अंड्यांसाठी मात्र जमीनच लागते, पुराच्या वर राहिलेली, भुसभुशीत, पोटाने सरपटत चढता येईल अशी.

पाण्याचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. बहामनींच्या काळात नौबादची सुरंगबावी खोदणारी ही भूमी. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने आलेले पाणीही आपण पाहिले. त्या धास्तीतून तळी उपसण्याचे काम गावोगावी निघते, ते योग्यच. मात्र तळे खोल करण्याच्या भरात यंत्र काठ उभा कापते, वर दगडी पिचिंग बसते, लव्हाळी उपटली जाते. नदीची वाळू तर आधीच ट्रकांतून गेलेली असते. पाणी भरते, फोटो निघतात, आणि अंडी घालायला आलेली कासवीण दगडाला धडकून मागे फिरते. अशा तळ्याला पुनरुज्जीवित म्हणायला आमचे मन धजत नाही.

गाळ उन्हाळ्यातच निघणार, आणि मगरीची अंडीही तेव्हाच मातीत असणार, ही अडचण खरी आहे. म्हणून यंत्र मधल्या तळात चालावे आणि एक बाजू अस्पर्श राहावी: तिथे उतरण सौम्य, पिचिंग नाही, लव्हाळी जागच्या जागी, वाळूचा उपसा बंद. पंचमीला शेताने एक दिवस पाळलेला नेम त्या एका बाजूने माघापासून श्रावणापर्यंत पाळायचा. पुढच्या उन्हाळ्याच्या कामांचे अंदाजपत्रक गावात मांडले जाईल, तेव्हा ही बाजू नकाशावर आखून मागितली पाहिजे. एकदा यंत्र काठावर चढले की मागण्यासारखे काही उरत नाही.