भांगातली पांढरी रेघ



दशलक्षण पर्व तोंडावर आलं की मला फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "वहिनी, पर्वाआधी केस रंगवून घेऊ का? की ते धर्मात बसत नाही?" विचारणारी इतक्या हळू आवाजात विचारते, जणू चोरीच करायची आहे. म्हणून या वेळी सगळ्यांना एकदमच उत्तर देते. केस रंगवायचे की नाही, हे जिचे केस तिने ठरवावं. रंगवणार असाल तर डब्यात काय आहे ते वाचावं. आणि दुसरीचे पांढरे केस मोजायचं काम आपण सगळ्यांनीच सोडून द्यावं. या तिन्हीतलं शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

"कलप लावणं म्हणजे मायाचार. आहे ते लपवायचं आणि नाही ते दाखवायचं," असं आपल्यातल्या बऱ्याच वडीलधाऱ्या बायका म्हणतात. उत्तम आर्जवाच्या दिवशी तर हे उदाहरण ठरलेलंच. मला ते पटत नाही. मायाचार म्हणजे दुसऱ्याला फसवून काही पदरात पाडून घ्यायची बुद्धी. माझ्यासारख्या ५२ वर्षांच्या बाईने केस रंगवले तर फसवलं कोणाला? नवऱ्याला माहीत, मुलांना माहीत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तर सगळ्यात आधी माहीत, कारण डबा त्याच्याकडूनच आणलेला. कोणी विचारलं तर मी सरळ "हो, रंगवते" म्हणून सांगते. विचारल्यावर "नाही गं, मूळचेच काळे आहेत" म्हटलं, तर मात्र सत्य अणुव्रताला तिथे धक्का लागतो.

दुसरा आक्षेप देहाच्या मोहाचा. त्यात तथ्य आहे, पण माप चुकीचं लावलं जातं. मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी केशलोच करतात. दोन ते चार महिन्यांनी, स्वतःच्या हाताने, राख लावून, त्या दिवशी उपवास करून. तो मुनींच्या २८ मूलगुणांतला एक आहे. तिथे काळा केस आणि पांढरा केस दोन्ही सारखेच उपटले जातात. आपण श्राविका. आपल्याला अणुव्रतं सांगितली आहेत, महाव्रतं नाहीत. आपण तेल लावतो, वेणी घालतो, गजरा माळतो, लग्नात शालू नेसतो. हे सगळं चालतं आणि एक रंग तेवढा मोह, हे कसं? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे तिच्यात मन किती अडकलंय यावरून सांगितली आहे. महिन्यातून एकदा दोन तास केसांना दिले आणि विसरून गेलात, तर मला काळजी वाटत नाही. पण भांगात पांढरी रेघ दिसते म्हणून हळदीकुंकवाला जायचं टाळलंत, स्वाध्यायात बसून पदर सारखा पुढे ओढत राहिलात, तर तिथे थांबून विचार करायला हवा.

तसंही रंग लावून अनित्य भावना काही चुकत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. आज कितीही छान रंगवा, तीन आठवड्यांत मुळाशी पांढरं डोकावतंच.

आता डब्याविषयी. आपला खरा प्रश्न इथे आहे, आणि नेमका इथेच आपण कमी विचार करतो. हिंसेची व्याख्या करताना आपल्या आचार्यांनी प्रमादावर, म्हणजे बेपर्वाईवर बोट ठेवलं आहे. न वाचता डबा उचलणं हा प्रमादच. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे आणि तशी चाचणी केलेली प्रसाधनं बाहेरून आणायलाही. ही समाधानाची गोष्ट. पण तेवढ्याने सगळं सुटत नाही. डब्यावर केराटिन लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा लोकर, पिसं, शिंगं किंवा खुरं यांतून काढलेलं असतं. सिल्क प्रोटीन म्हणजे रेशीमकिड्याचं. काहींत मध असतो, काहींत मधमाश्यांचं मेण. मद्य-मांस-मधाचा त्याग आपण पानापुरता करायचा आणि डोक्याला मध चोपडायचा, हे काही बरं नाही.

घरगुती उपायांतही हीच दक्षता हवी. पार्लरमधली मुलगी सहज सांगते, "काकू, मेंदीत एक अंडं फोडून घाला." लालसर छटेसाठी बीटचा रस सांगतात, पांढरे केस काळे होण्यासाठी कांद्याचा रस. दोन्ही कंदमुळं. त्यांची खरंच गरज नसते. मेंदीचं पान मुळात नारिंगी-तांबडाच रंग देतं. तो गडद करायचा असेल तर मेंदी धुतल्यावर नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड भिजवून लावायची. दोन्ही मिळून गडद तपकिरी ते काळा रंग येतो. मेंदी रात्रभर भिजत ठेवायचीही आवश्यकता नाही. मी सकाळी कोमट गाळलेल्या पाण्यात भिजवते, तीन-चार तासांत रंग सुटतो. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे डोक्यावरून अंघोळ करत नाहीत, त्यामुळे तो दिवस टाळून करते.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी घ्या. बाजारात "काळी मेंदी" म्हणून जी पूड मिळते, तिच्यात पुष्कळदा पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी मिसळलेलं असतं. नुसत्या मेंदीच्या पानाने काळा रंग येत नाही, हे लक्षात ठेवा. कायम टिकणाऱ्या बहुतेक गडद रंगांतही पीपीडी किंवा त्याच्या जवळचं रसायन असतं. काहींना त्याची ॲलर्जी येते. खाज सुटते, पापण्या सुजतात, चेहरा ओळखू येत नाही. दहा वर्षं लावून काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असंही नसतं. रंगवायच्या ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून बघा. कंटाळा करू नका.

आणि छटा? डब्यावर आकडा असतो. पहिला आकडा रंग किती गडद ते सांगतो. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिका तपकिरी. आपल्यातल्या बहुतेक जणी डोळे मिटून १ उचलतात. चाळिशीनंतर त्वचा थोडी फिकट होते, तिच्यावर कोळशासारखा काळा रंग उसना वाटतो, आणि मुळाशी पांढरी रेघ उलट अधिक उठून दिसते. ३ किंवा ४ घ्या. शिवाय काळ्यावरून मागे येणं अवघड. लावलेल्या काळ्या रंगावर दुसरा रंग चढवून केस उजळत नाहीत. फिक्यावरून गडद कधीही करता येतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे येते.

आमचे धाकटे भावोजी गेले तेव्हा जाऊ ४६ वर्षांची होती. तिशीतच केस पिकायला लागले म्हणून ती वर्षानुवर्षं रंगवत आलेली. नोकरी करणारी बाई. वर्षभराने तिने पुन्हा केस रंगवले आणि मंदिरात एकीने विचारलं, "आता कोणासाठी गं?" भावोजींना तर बायकोने केस कापले तरी आठ दिवस कळायचं नाही. तो रंग कधीच त्यांच्यासाठी नव्हता. पण त्या तीन शब्दांनी तिने रंगवणं सोडलं, आणि सकाळच्या अभिषेकाला येणंही सोडलं. आता दुपारी, मंदिर रिकामं असताना, दर्शन घेऊन जाते. याला कोणी वैराग्य म्हणू नये. एका बाईला आपल्याच देवाच्या दारात भीती वाटली, एवढंच घडलं. डब्यातल्या केराटिनवर मी एवढं लिहिलं खरं, पण ही हिंसा त्याहून मोठी आहे.

उलटंही घडतं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कलप लावला नाही. पांढराशुभ्र अंबाडा, कडेला एखादं मोगऱ्याचं फूल. मुलीच्या लग्नात सगळ्या त्यांच्या मागे लागल्या, "फोटोत आजी दिसाल, एवढ्यापुरतं रंगवा." म्हणजे रंगवलं तर मोह आणि नाही रंगवलं तर गबाळेपणा. बाईने करायचं तरी काय?

माझी भाची २५ वर्षांची, कानाशेजारी केस पांढरे. स्थळ बघायला आलेल्या बायकांची नजर आधी तिथेच. अशा मुलींना माझं सांगणं, आधी बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. आपल्या शाकाहारात बी-१२ मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं, ते कमी पडलं तरी केस लवकर पिकू शकतात. पुष्कळदा ते नुसतं आईवडिलांकडून आलेलं असतं. रंगवायचे तर बिनधास्त रंगवा. समोरच्यांनी विचारलं तर सांगून टाका. तेवढ्यावरून जे घर नाही म्हणेल, ते आधीच कळलेलं बरं.

महापुराणातली भरत चक्रवर्तींची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. आरशात पाहताना स्वतःच्या डोक्यावर एक पांढरा केस दिसला. तो त्यांना दूत वाटला, आणि सहा खंडांचं राज्य सोडून ते निघाले. ही कथा सांगून अनेकदा बायकांना टोचलं जातं. पण बघा, दूत ज्यांच्याकडे आला होता, निरोप त्यांनीच वाचला. शेजारच्या कोणी येऊन "महाराज, पिकले हो केस" असं सांगितलं नव्हतं. माझा दूत माझ्या आरशात येईल. तुमचा तुमच्या. एकमेकींची पत्रं फोडून वाचायची आपल्याला गरज नाही.

तेव्हा या पर्वात दहा दिवसांचा एक छोटा नियम घेऊया. एकाशन-उपवास ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे होतील, हा सगळ्यांना झेपेल. मंदिरात कोणाच्या केसांवर, अंगावर, वयावर एक शब्द बोलायचा नाही. कौतुकाचाही नाही. "किती तरुण दिसतेस" हेसुद्धा शेवटी मोजमापच. शेजारी येऊन बसलेल्या बाईला पाटावर जागा करून द्यायची, आणि पूजेचं पुस्तक दोघींच्या मधे धरायचं.

मी माझ्या जाऊला पहिल्या दिवशी सकाळच्या अभिषेकाला घेऊन येणार आहे. केस कोणत्या रंगाचे असतील, ते ती ठरवेल.

जय जिनेंद्र.