लेकराच्या अंगावरून बोलू नका

उन्हाळी सुट्टीत परदेशातून बारामती-इंदापूरकडे जाणाऱ्या, आपल्या मराठी मंडळातल्या कुटुंबांना माझं एक सांगणं आहे. मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार असेल तर निघण्याआधी गावी फोन करून ते सरळ सांगून टाका, गोळ्यांसकट. ‘तिथं कुणाला कळणार आहे?’ म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याची किंमत मूल मोजतं.

आपली सुट्टी आणि तुकोबांची पालखी बऱ्याचदा एकाच सुमाराला येतात. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघायला पाहुणे जमलेले, घर भरलेलं. अशा घरात पाय ठेवला की पहिली चौकशी अंगाची. “काय गं, पोरगं लईच वाळलंय! तिकडं खायला घालत न्हाईस व्हय?” मुलगी असेल तर, “फुगलीस की गं!” बोलणाऱ्या आजी-आत्यांच्या मनात माया असते, हे खरंच. पण मुलाच्या कानावर माया पडत नाही, शेरा पडतो.

पोरगं वाळलेलं असतं, कारण मिथाइलफेनिडेटसारखी औषधं भूक मारतात. दुपारचं ताट तसंच राहतं, संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला की मूल स्वयंपाकघरात घिरट्या घालतं. म्हणून तर डॉक्टर या मुलांच्या उंची-वजनाची नोंद ठेवतात. दुसऱ्या टोकाला वजन वाढलेली मुलं. २०१६ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा एडीएचडी असलेल्या मुलांत लठ्ठपणाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी आणि मोठ्यांत सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आढळलं. कशात तरी गुंतलं की भूक लागल्याचं कळत नाही, मग एकदम कडकडून लागते आणि हाताला येईल ते पोटात जातं. थांबायचं कुठे, हे सांगणारा मेंदूतला ब्रेकच उशिरा लागतो. त्यात झोपेचा खेळखंडोबा. घरातले याला खादाडपणा म्हणून मोकळे होतात.

तसं तर गावाकडे अंगावरून सगळ्यांनाच बोलतात, मग याच मुलांचं एवढं काय? फरक आधीच्या शिलकीत आहे. वही कुठाय, डबा परत विसरलास, गप बस, एवढंसुद्धा जमत नाही का, हे त्यांनी बालवाडीपासून रोज ऐकलेलं असतं. ‘आपल्यातच काहीतरी खोट आहे’ हा संशय पक्का होत आलेला असतो आणि अंगावरचा शेरा त्याला पुरावा मिळवून देतो. शिवाय भावना आवरणं यांना इतरांपेक्षा जड जातं. चुलतभाऊ जे जेवणापर्यंत विसरतो, ते या मुलांना रात्रभर पुरतं.

मुलींचं तर आणखी अवघड. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीला कोण डॉक्टरकडे नेतो? ती धांदरट ठरते. वयात आल्यावर, बाकी काही हातात राहत नाही तर निदान अंग तरी ताब्यात ठेवू, म्हणून एखादी जेवण टाळायला लागते आणि मग रात्री बकाबका खाते. एडीएचडीबरोबर खाण्याचे विकार जास्त दिसतात, हे आता चांगलं माहीत झालंय.

“तालमीत घाला, सुधारतंय,” हा गावाकडचा उपाय मी उडवून लावणार नाही. व्यायामाने या मुलांना खरंच बरं वाटतं. पण वर्गात बिनकामाचं ठरलेलं पोर तालमीतून पोलीस भरतीच्या अकॅडमीत गेलं की त्याची सगळी किंमत टेपवर येते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलाला उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती ७९ आणि फुगवून आणखी ५. गुडघा दुखावला किंवा टेप बोटभर कमी भरली, तर त्या पोराजवळ दुसरं काय उरतं?

“ही तिकडची फॅडं,” असंही ऐकावं लागेल. लागू द्या. निदानासाठी बारा वर्षांच्या आतली लक्षणं बघतात, तीही घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी. ती मोबाइलने किंवा अमेरिकेने आणलेली नाहीत. अशी मुलं भिगवणलाही आहेत आणि निमगाव केतकीलाही. तिथे कमी आहे ते निदान. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे शाळेतही विषय निघत नाही. तुम्ही मोकळेपणाने बोललात तर एखादी आत्या हळूच म्हणेल, “आमचा बी असाच हाय.” तिला टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्या, तिथे मराठीत बोलता येतं. पुढे तपासणीला बालमानसोपचारतज्ज्ञ बघा, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी.

फोनवर लांबड लावू नका. त्याला एडीएचडी आहे, गोळीने दुपारची भूक जाते, अंगावरून कुणी काही बोलू नका, एवढं पुरे. आणि रात्री साडेनऊला त्याने भाकरी मागितली, तर “आत्ता?” न विचारता वाढायला सांगा.