रडणें आणि ओरडणें

परभाषेंतील ग्रंथ मराठींत आणण्याचा उद्योग वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु स्पॅनिश ग्रंथ बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीनें येतात, आणि या मध्यस्थाच्या हातीं मालाची किती नासाडी होते, इकडे कोणी लक्ष देत नाहीं. मागें एका भाषांतराचें हस्तलिखित आमच्या अवलोकनांत आलें. मेक्सिकोचें स्वातंत्र्ययुद्ध 'डोलोरेसच्या रडण्यानें' सुरू झालें, असें त्यांत लिहिलें होतें! ही रडणारी डोलोरेस कोण, असें वाचकांस वाटेल. डोलोरेस हें गांव आहे. तेथील धर्मगुरु मिगेल इदाल्गो यांनीं १६ सप्टेंबर १८१० रोजीं लोकांस उठावाची हांक दिली. तीच 'ग्रितो' या नांवानें प्रसिद्ध आहे. ग्रितो म्हणजे आरोळी. इंग्रजींतील 'क्राय' हा शब्द रडणें व ओरडणें या दोहोंसही चालतो. तेवढ्यावर विसंबून आमच्या भाषांतरकारांनीं रणगर्जनेचें रडगाणें केलें!

स्पॅनिश भाषा या बाबतींत फार चोखंदळ आहे. 'ल्यान्तो' या शब्दाचें लॅटिन मूळ ऊर बडविण्याचें आहे. म्हणून त्यांत अश्रु, हुंदके व शोक हीं सर्व येतात. बैलाशीं झुंजणारा इग्नासिओ सांचेझ मेखियास १९३४ च्या ऑगस्टांत मरण पावला, तेव्हां कवि लोर्का यानें लिहिलेल्या शोककाव्याच्या नांवांत हाच शब्द आहे. 'सोल्योथो' म्हणजे हुंदका; त्याचें मूळ उचकीवाचक आहे. 'खेमिदो' हें कण्हणें, 'अलारिदो' ही किंकाळी, आणि 'सुस्पिरो' हा सुस्कारा. १४९२ मध्यें ग्रानादा गमावलेल्या बोअब्दिलानें जेथून मागें वळून पाहिलें असें लोककथा सांगते, त्या खिंडीस 'मूराचा सुस्कारा' म्हणतात. तेथें 'मूराचें रडणें' असें लिहून चालेल काय?

सर्वांत फसवी जोडी 'केखा' आणि 'केखिदो' यांची. दोन्ही एकाच धातूपासून निघालेले. परंतु केखा म्हणजे प्रायः गाऱ्हाणें. तें कोणापुढें तरी मांडावयाचें असतें. केखिदो हा दुःखानें तोंडून निघालेला स्वर. त्यास दाद मागावयाची नसते. आंदालुसियांतील गायक गाण्यांत जो आर्त स्वर लांबवितो, त्यास याच शब्दाचें तेथील रूप लावतात. त्यास 'तक्रार' म्हणणें म्हणजे गायकाच्या हातीं अर्जाचा कागद देणें होय.

यावर कोणी म्हणतील, 'भावार्थ कळला म्हणजे झालें.' पण हुंदका गिळणाऱ्याचें दुःख आणि हंबरडा फोडणाऱ्याचें दुःख यांचा भावार्थ एक कसा? या शब्दांच्या सीमा लोखंडी नाहींत व कवि त्या ओलांडतात, हें आम्ही मान्य करतों. परंतु सीमा ठाऊक असणारासच ती ओलांडतां येते.

आमचा इंग्रजीशीं दावा नाहीं. तिच्याच अध्यापनावर आमचें आयुष्य गेलें. परंतु टाहो, आक्रोश, विलाप, विव्हळणें, उसासा असे शब्द मराठींत असतां केवळ इंग्रजींत भेद दिसत नाहीं म्हणून सर्वत्र 'रडणें' लिहावें, हें दारिद्र्य आपण होऊन ओढवून घेतलेलें आहे. प्रकाशकांनीं निदान मूळ स्पॅनिश जाणणाऱ्या एका तरी माणसाकडून हस्तलिखित तपासून घ्यावें आणि मगच तें छापावें, एवढीच आमची मागणी आहे.