आत्याचं आंतर्देशीय पत्र

आमच्या वाड्यात पोस्टकार्ड आलं की ज्याचं त्याच्या हाती पडण्याआधी पोस्टमन आणि निम्मा वाडा वाचून मोकळा होई. आत्या मात्र सासरहून आंतर्देशीय पत्र पाठवी. पोस्टाच्या डिंकावर तिचा विश्वास नव्हता. कडांना ती वर भाताची शितं लावी. आजी दार लोटून ते माझ्याकडून वाचून घेई. सासूबद्दल त्यात काय असे, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. आजीचं त्यावाचून अडलं नव्हतं.

आत्याची नात आता व्हॉट्सॲपवर लिहिते. तिथल्या निरोपांना २०१६ पासून कुलूप आहे. किल्ली फक्त लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या फोनात, कंपनीकडेही नाही. २०२१ च्या सरकारी नियमांनी बजावलं, की गंभीर गुन्ह्यात आदेश आला तर निरोप मुळात कोणी धाडला ते दाखवा. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ, असं तिच्या वकिलांनी २०२४ मध्ये सांगितलं.

कंपनीचा मला कळवळा नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची. अशा अफवा तेव्हा फोनाफोनी फिरत होत्या. ही आग कोणी लावली, असं त्यांच्या घरच्या बायकांनी विचारलं तर ‘तो खासगी मामला’ असं मला म्हणवणार नाही.

तरीही मी कुलपाच्याच बाजूचा. आत्याचं पत्रही सरकारला अडवता आलं असतं, १८९८ च्या पोस्ट कायद्यात तशी तरतूद होती. पण ते एकच पत्र फुटलं असतं. टेलिफोन चोरून ऐकण्यालाही न्यायालयाने १९९६ मध्ये वेसण घातली : गृहसचिवाचा हुकूम हवा, मुदत दोन महिन्यांची. इथे मात्र एकाचा माग काढायचा तर कोट्यवधींच्या प्रत्येक निरोपावर आधीच खूण करून ठेवायची! आणि ती यंत्रणा पोलिसांच्याच हाती राहील कशावरून? अमेरिकी टेलिफोन कंपन्यांत चिनी हेर शिरल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. कोर्टाच्या हुकमाने चाललेल्या टेहळणीची माहितीसुद्धा त्यांनी उचलली होती.

अफवा ज्याला मिळाली त्याच्या फोनवर ती उघडीच असते. तो फोन रीतसर ताब्यात घ्यावा, त्याला कोणी धाडली ते विचारावं, मग त्याच्या दारी जावं. हवालदाराचे जोडे झिजतील, तर झिजू देत.