स्टिअरिंग डावीकडे गेलं, माणूस तसाच राहिला

राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवरचा आहे. कोल्हापूर, सातारा, पुणे, मुंबई करत वर जाणारा हाच रस्ता गुजरात-राजस्थान ओलांडून दिल्लीकडे जातो, आणि गुडगावच्या जरा अलीकडे मानेसर लागतं. गेल्या महिन्यात तिथे भाच्याकडे चार दिवस राहून आलो. तो मूळचा चिंचवडचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. कंपनी त्याला आठ महिन्यांसाठी जपानला, हमामात्सुला पाठवते आहे. सुझुकीचं मुख्यालय तिथे असल्यामुळे मानेसरच्या औद्योगिक वसाहतीतून त्या गावी जाणं-येणं नवीन नाही.

जेवणं झाल्यावर त्याने राखाडी मुखपृष्ठाची छोटी पुस्तिका समोर ठेवली. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. "मामा, झालं काम. हजार रुपये फी आणि एक दिवस रजा."

मी वर्तमानपत्राच्या समासात टोक खाली असलेला त्रिकोण काढला, लाल पेनने आतून पूर्ण रंगवला आणि विचारलं, "हे काय?"

"गिव्ह वे. बघायचं, कुणी नसेल तर पुढे जायचं."

आपल्या हिशेबाने त्याचं फारसं चुकलं नाही. आपल्याकडे उलटा त्रिकोण म्हणजे 'रस्ता द्या', आणि 'थांबा'ची पाटी अष्टकोनी. जपानमध्ये मात्र लाल उलटा त्रिकोण हीच 'थांबा'ची पाटी आहे. तिथे रेषेपाशी चाकं पूर्ण थांबवावी लागतात, रस्ता रिकामा असला तरीही. भाचा अकरा वर्षं गाडी चालवतो आहे आणि आजवर कुणाला खरचटलेलंही नाही. तोच माणूस हमामात्सुच्या पहिल्या चौकातून दुसऱ्या गिअरवर सरळ निघून गेला असता, आणि आपलं काही चुकलं हेही त्याला कळलं नसतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मानेसरला हा विचार जास्त टोचतो, कारण गाडी परदेशी पाठवायची म्हणजे काय करावं लागतं हे त्या गावाला चांगलं ठाऊक आहे. मारुतीच्या इथल्या कारखान्यात बनलेली ए-स्टार २००९ पासून युरोपला जाऊ लागली. युरोपच्या मुख्य भूमीसाठी तिचं स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे न्यावं लागलं. तेवढ्याने भागत नाही. आपल्या गाडीचा डिपरचा झोत डाव्या अंगाला किंचित वर चढतो, म्हणजे कडेने चालणारा दिसतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. उजवीकडून चालणाऱ्या देशात तो झोत उलटा करावा लागतो, नाहीतर नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. २०१६ साली इथलीच बलेनो जपानला गेली, तीही तिथल्या नियमांत बसवूनच. याच मानेसरमध्ये 'आयकॅट' ही वाहनचाचणी संस्था आहे. आपल्याकडे पुण्याची 'एआरएआय' जे काम करते तेच ती करते. ब्रेक, दिवे, आरसे, धडकेची चाचणी, सगळं तपासल्याशिवाय गाडीचं नवं मॉडेल पुढे सरकत नाही.

ती गाडी चालवणाऱ्या माणसाला आपण हजार रुपयांच्या पावतीवर पाठवतो. एक प्रश्न नाही, एक फेरी नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे काय, हे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना माहीत नसतं, असा माझा अनुभव आहे. 'इंटरनॅशनल लायसन्स' हा शब्द ऐकला की वरची परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं. तो आपल्याच परवान्याचा ठरलेल्या नमुन्यातला अनुवाद असतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मूळ परवाना खिशात नसेल तर त्याला काही अर्थ नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारातून हा नमुना आला. राज्याराज्यांत पुस्तिकेचा आकार-रंग वेगवेगळा असायचा. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचना काढून तो सगळीकडे एकसारखा केला आणि मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोड दिला. हे चांगलं झालं. पण कागद नीटनेटका झाला म्हणून तो सगळीकडे चालतो असं नाही. जपानला १९४९ चाच नमुना लागतो, त्यामुळे आपला तिथे चालतो. व्हिएतनामला १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा लागतो, तिथे आपली पुस्तिका उपयोगाची नाही. दुबईला फिरायला गेलेल्याला ती चालते. तोच माणूस नोकरीला लागून रहिवासी झाला की ती निकामी होते, तिथला परवाना काढावाच लागतो.

ऑनलाइन जाहिरातींतून पाच-दहा वर्षं मुदतीचं चकचकीत प्लॅस्टिकचं 'इंटरनॅशनल कार्ड' विकलं जातं. असं कार्ड कुणी आणून दाखवलं तर त्याला तिथेच स्पष्ट सांगा की हे कायदेशीर नाही. गाडी भाड्याने देणाऱ्याने काउंटरवर ते चालवून घेतलं, तरी अपघातानंतर विमा कंपनी चालवून घेणार नाही. थायलंडला जाऊन स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांचीही हीच गत. परवाना फक्त कारचा, पुस्तिकेत दुचाकीच्या श्रेणीपुढे शिक्का नाही, आणि हाड मोडलं की सगळा खर्च स्वतःच्या अंगावर.

आता आपल्याबद्दल. आपण यात कागद पुरवणारे झालो आहोत, हे मला मनापासून लागतं. फॉर्म ४ए भरून द्यायचा, पासपोर्टची प्रत जोडायची, अपॉइंटमेंट घ्यायची, सर्व्हिस चार्ज घ्यायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी आपल्याला हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवस आणि दहा तास प्रत्यक्ष चालवण्याचं शिक्षण ठरवून दिलं आहे. नियम ३१ मधल्या अभ्यासक्रमात परदेशातल्या रस्त्यांबद्दल एक ओळ नाही. नसेना का! फॉर्म भरायला समोर बसलेल्या माणसाला 'कुठे चाललात?' हे विचारायला नियमाची वाट कशाला बघायची?

उत्तर जपान असेल तर अर्ध्या तासात सांगण्यासारखं बरंच आहे. बाजू आपलीच, डावी, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. लाल दिवा असताना डावीकडे वळायची सवय तिथे चालत नाही. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी थांबवून, बघून मगच ओलांडायचं. झेब्रापाशी माणूस उभा दिसला की थांबायचं. हॉर्न जवळजवळ विसरायचा. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. वर्षापेक्षा जास्त राहायचं असेल तर तिथला परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी आपला परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात. 'पुढच्या आठवड्यात फ्लाइट आहे, तेवढं पर्मनंट काढून द्या' म्हणत धावत येणाऱ्या मुलांना हे आपण सांगितलं नाही तर कोण सांगणार? ऑक्टोबर २०२५ पासून तिथली लेखी चाचणीही कडक झाली आहे. आधी दहा प्रश्न असायचे, आता पन्नास आहेत आणि त्यातले नव्वद टक्के बरोबर यावे लागतात.

अमेरिकेला मुलाकडे जाणारे आजी-आजोबाही आता मोठ्या संख्येने आपल्याकडे येतात. त्यांना निदान पिवळ्या स्कूल बसचं सांगा. तिचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागचे आणि समोरून येणारे, दोघेही थांबतात. ओव्हरटेक करून पुढे जाणं हा तिथे गंभीर गुन्हा आहे. इटलीला जाणाऱ्यांना जुन्या शहरांच्या मधल्या भागातल्या वाहनबंदीचं सांगा. तिथे कुणी अडवत नाही, कॅमेरा फक्त नंबर टिपतो, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

सगळ्यात अवघड आहे ते उजवीकडून चालणाऱ्या देशात गाडी हाती घेणं. 'आमच्याकडे लेफ्ट हँड ड्राइव्ह गाडीच नाही, शिकवणार कसं?' असं आपले बरेच ट्रेनर म्हणतात. मित्रहो, डाव्या सीटवरून गाडी कशी दिसते हे या देशात आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? आपलं निम्मं आयुष्य त्या सीटवर, ड्युअल कंट्रोलच्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं आहे. तिथून उजवी कड कुठे संपते, बाजूची रिक्षा किती हातांवर आहे, हे मान न वळवता कळतं. उजव्या सीटवर घडलेला माणूस डाव्या सीटवर बसला की त्याची नजर जुनंच अंतर धरते. मग गाडी उजव्या कडेला सरकत जाते, आरसे खरवडतात, चाक फुटपाथला लागतं.

मी भाच्यासाठी हे करून पाहिलं. कंपनी त्याला जपाननंतर दोन आठवडे जर्मनीलाही धाडणार आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत गेलो. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. त्याला डाव्या सीटवर बसवलं आणि बाहेर उजव्या अंगाला पाण्याची बाटली ठेवून विचारलं, "किती लांब?" तो म्हणाला, चार फूट. मोजली तर अडीच. सात-आठ वेळा बाटली हलवली तेव्हा अंदाज जागेवर आला. मग खडूने मोठं वर्तुळ काढलं आणि चौकाचा फेरा त्याला चालत घालायला लावला. आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आणि उजवीकडून येणाऱ्याला वाट देतो. तिथे उलट फिरायचं आणि डावीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. पहिल्या तिन्ही वेळा त्याची मान उजवीकडेच वळली. पायी चालतानासुद्धा! शेवटी हात. मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, तिकडच्या गाडीत डाव्या हाताला. डोळे मिटून 'डावीकडे वळ' म्हटल्यावर योग्य हात हलेपर्यंत सराव घेतला. वळायच्या क्षणी वायपर सुरू झाला तर बाकी काही नाही, पण नजर दोन सेकंद रस्त्यावरून उडते.

सगळं मिळून पावणेदोन तास लागले. लिटरभर पेट्रोलही जळलं नाही. हा तास-दोन तासांचा धडा आपल्या प्रत्येक स्कूलच्या दरपत्रकावर असायला हवा, आणि तो घेतल्याशिवाय फॉर्म ४ए भरून देणं आपण बंद करायला हवं. यात थोडं गिऱ्हाईक जाईल, हे मी धरून चाललो आहे.

पुढच्या अंकापासून आपण दर महिन्याला एका देशासाठी एक पान देतो आहोत. त्या देशातल्या पाट्या, वळणाचे नियम, कोणता परवाना चालतो आणि किती दिवस, हे सगळं त्यात असेल. सुरुवात जपानपासून. लाल त्रिकोण रंगीत छापणार आहोत. ते पान कापून ऑफिसच्या काउंटरवर लावा, फॉर्म भरायला येणारा माणूस जिथे बसतो त्याच्या बरोबर समोर.