भोकाचा पैसा आणि सरकारी तास

घोडनदीच्या पेठेत वाढणाऱ्या मुलाला इंग्रजी राज्य डोळ्यांनी फारसे दिसत नसे. गोऱ्या अधिकाऱ्याचे दर्शन ही क्वचित घडणारी गोष्ट होती. राज्याची आणि त्याची रोजची गाठ पडे ती दुकानाच्या गल्ल्यात.

शिरूरला एका साहेबाचे मात्र कायमचे वास्तव्य होते. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये निवर्तले आणि पुढे लोकांच्या लेखी ‘सत्पुरुष’ झाले. ब्राह्मण व मारवाडी वगळता शिरूर आणि परिसरातील सारे हिंदू त्यांच्या समाधीला भजतात, सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य आणतात, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आहे. मारवाडी त्यातून सुटले खरे. पण तेच धान्य अखेर पेठेत तागडीवर चढणार. नव्या पिकाचा पहिला मान साहेबाचा, दुसरा तागडीचा!

दुसऱ्या महायुद्धात मात्र राज्य थेट मुलांच्या मुठीत आले. तांब्याची टंचाई झाली, आणि १९४३ मध्ये सरकारने मधोमध मोठे छिद्र असलेला पैसा काढला. जुना पैसा वजनाने जवळजवळ पाच ग्रॅमचा. नवा जेमतेम दोन ग्रॅमचा. किंमत तीच, रुपयाला चौसष्ट. मुलांना ते नाणे अतिशय आवडले. ते करदोट्यात ओवता येई, बोटात घालता येई, त्यातून सूर्याकडे पाहता येई. मोठ्यांनी त्याचा उपयोग वायसर म्हणून केला.

परंतु व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाच्या मनात एक शंका डोकावल्यावाचून कशी राहील? पर्युषणात प्रतिक्रमणाला बसले की तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार कानी पडत. खोटे तोल, खोटे माप, चांगल्या वस्तूत हलकी मिसळून विकणे हे सारे दोष. मग मधला भाग काढून घेऊन पूर्ण किमतीला दिलेला पैसा कोणत्या खात्यात जमा धरावा? रुपयाची कथा तर याहून सुरस. राणीछाप रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असे; १९४० पासून ती निम्म्यावर आणली गेली, आणि राणीचा मुखवटा असलेले जुने रुपये १९४१ मध्ये चलनातून बाद झाले. दगडावर रुपया आपटून त्याचा नाद पारखणाऱ्या कानांना हा बदल कोणी सांगावा लागला नाही. चांगल्या चांदीत हलकी धातू मिसळल्याचे प्रायश्चित्त सम्राट सहावे जॉर्ज कधी घेणार, हा प्रश्न मात्र मोठ्यांदा विचारण्याजोगा नव्हता. १९४२ पासून धान्याच्या घाऊक व्यापाराला सरकारी परवाना लागे. अशा वेळी मुलाचा वाचाळपणा घराला महाग पडू शकत होता, आणि वडीलधाऱ्यांचे गप्प बसणे त्या वयात उमगत नसे.

शिरूरला रेल्वे नव्हती. ती पाहायची तर दौंड गाठावे लागे. पुणे-सोलापूर मार्गावरच्या या गावाला १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला आणि ते जंक्शन झाले. साहेबाने मात्र त्याचे नाव इंग्रजीत असे लिहिले की नुकती मुळाक्षरे शिकलेले पोर ते ‘धोंड’ असे वाचे. गावाचा दगड झाला, तरी गाडी थांबत असे.

गाडी चाले घड्याळावर, आणि घड्याळही युद्धात सापडले. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशाचे काटे एक तास पुढे सरकवले. सूर्याला हा हुकूम पोचला नाही. पच्चक्खाण तर सूर्याचे! नवकारशी सूर्योदयानंतर दोन घटकांनी, म्हणजे ४८ मिनिटांनी, चौविहार सूर्यास्ताला. थंडीत नवकारशी पाळायची तर घड्याळात पावणेनऊ होऊन गेलेले असत, आणि सकाळच्या शाळेच्या मुलाचे पोट वर्गात घंटेआधीच वाजू लागे. उन्हाळ्यात याची भरपाई होई. ऐन जूनमध्ये भिंतीवरचे घड्याळ आठ दाखवीत असताना ताटावर बसता येई, तेही व्रताला जराही धक्का न लावता. रात्री आठला जेवणारा श्रावक! आजीचा विश्वास अंगणातल्या सावलीवर, वडिलांचा पंचांगावर, आणि मुलांचा, या एका बाबतीत तरी, व्हाइसरॉयवर.

१५ ऑक्टोबर १९४५ रोजी काटे पुन्हा मागे आले. युद्ध संपल्याच्या बातम्या त्याआधीच येऊन गेल्या होत्या, पण मुलांना ते संपल्याचे कळले ते त्या संध्याकाळी, घड्याळात सहा वाजायच्या आत जेवायला हाक आली तेव्हा.