बारा गुणांचा हिशेब

२७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर लाखाहून अधिक माणसे पांढरे कपडे घालून जमली होती. विद्यापीठाचा फुटबॉल संघ तोवर एकही सामना हरला नव्हता आणि देशात तिसऱ्या क्रमांकावर होता. आदल्याच हंगामात तो राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. जेम्स फ्रँकलिन हे प्रशिक्षक म्हणून आपल्या बाराव्या हंगामात होते. त्या रात्री ओरेगनच्या संघाने त्यांना जादा वेळेत ६ गुणांनी हरवले. पुढच्या शनिवारी, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने ५ गुणांनी हरवले. त्याच्या पुढच्या शनिवारी, घरच्याच मैदानावर, नॉर्थवेस्टर्नने एका गुणाने हरवले. १२ ऑक्टोबरला, रविवारी, फ्रँकलिन यांच्या हाती नारळ देण्यात आला. तीन पराभव, मिळून बारा गुण. बारा वर्षांच्या नोकरीचा निकाल बारा गुणांनी लागला.

हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, अशी ती धक्काबुक्कीची पण बुद्धिबळासारखी आखलेली लढाई असते. आपल्याकडची मुले तिकडे शिकायला जातात आणि पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या रंगाचा सदरा चढवून ओरडायला शिकतात. घरी फोनवर अभ्यासाची चौकशी करावी, तर आधी शनिवारच्या सामन्याची हकीकत ऐकावी लागते. ज्या गावात व्यावसायिक संघ नाही, नाटकगृह नाही, समुद्र नाही, तिथे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा गणपती असतो. तेव्हा त्याच्या हारजितीने माणसे कासावीस होतात, याला हसण्याचे कारण नाही.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या खेळाचा नियमित हंगाम अवघ्या बारा सामन्यांचा असतो. क्रिकेटपटूला एका मालिकेत हरवलेला सूर दुसऱ्या मालिकेत सापडतो. इथे तीन शनिवार वाईट गेले की वर्षाचा चतुर्थांश गेला. लंबगोल चेंडू जमिनीवर पडला की कोणत्या दिशेला उडेल, हे त्या चेंडूलाही ठाऊक नसते. मुख्य खेळाडूचा पाय दुखावला की सारी आखणी कोलमडते. पेन स्टेटचा खेळ ज्याच्या हातावर चालतो तो क्वार्टरबॅक नॉर्थवेस्टर्नविरुद्धच जखमी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. प्रशिक्षक बदलल्यावर तरी काय झाले? हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ पुढचेही तीन सामने हरला, मग सावरला आणि ७ विजय, ६ पराभव असा हंगाम संपवला.

मग चाहत्यांचे चुकलेच का? इतके सोपे नाही. फ्रँकलिन यांच्या कारकिर्दीत पेन स्टेटने १०४ सामने जिंकले आणि ४५ गमावले. कोणत्याही विद्यापीठाने मिरवावे असे हे आकडे आहेत. पण देशातल्या पहिल्या दहा संघांविरुद्ध त्यांचे विजय होते ४ आणि पराभव २१. म्हणजे दुबळ्यांपुढे वाघ आणि वाघापुढे शेळी, ही तक्रार तीन शनिवारांची नव्हती, बारा वर्षांची होती. असा चाहता बेभान आहे असे मी म्हणणार नाही, त्याच्याजवळ हिशेब आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. हा हिशेब ऑगस्टमध्येही तसाच होता. तेव्हा संघ देशात दुसरा गणला जात होता आणि कोणी ‘फ्रँकलिन हटाव’च्या घोषणा देत नव्हते. पहिल्या दहांत नसलेले यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न हे संघ तर त्या हिशेबात बसतच नाहीत. बारा वर्षांचे कारण तीन शनिवारांच्या रागाला मागाहून चिकटवले गेले.

बँकेत उमेदीची वर्षे काढल्यामुळे ही चिकटवाचिकटवी मला ओळखीची वाटते. नवा शाखाधिकारी येतो, पहिल्या मार्चअखेरीस थकीत कर्जांचा डोंगर दिसतो आणि वरिष्ठ कचेरीतून पत्र येते की तुमच्या काळात वसुली घसरली. ती कर्जे वाटलेली असतात आधीच्या साहेबाने, जो बढती घेऊन केव्हाच पुढच्या गावी गेलेला असतो. याच्या उलटही होते. आधीच्याने लावलेल्या झाडाची फळे खाऊन एखादा नवा साहेब शाबासकी मिळवतो. एका वर्षाच्या ताळेबंदावरून माणूस ओळखू नये, हे मी तिथे शिकलो. पाच वर्षांचे ताळेबंद समोर असूनही डोळे मिटू नयेत, हेही तिथेच शिकलो.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९८७ मध्ये तिथे फ्रँक बीमर हे त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू प्रशिक्षक झाले. आधीच्या राजवटीतल्या नियमभंगांमुळे खेळाडूंना द्यायच्या शिष्यवृत्त्यांवर मर्यादा आलेली होती. म्हणजे थकीत कर्जे वारसाहक्कानेच मिळाली होती. पहिल्या वर्षी २ विजय आणि ९ पराभव. सहाव्या वर्षी, १९९२ मध्ये, पुन्हा २ विजय, ८ पराभव आणि एक बरोबरी. सहा वर्षांत २४ विजय आणि ४० पराभव! आज असा प्रशिक्षक सहावे वर्ष पाहणार नाही. पण तिथले क्रीडा संचालक डेव्ह ब्रेन यांनी त्यांना ठेवले. ठेवले म्हणजे मोकळे सोडले असे नव्हे. सहायकांची फळी बदलली गेली, कामाची रीत बदलली. १९९३ मध्ये संघाने ९ सामने जिंकले. तिथून २०१५ मध्ये बीमर निवृत्त होईपर्यंत सलग २३ हंगामांत संघाला हंगामअखेरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण मिळाले आणि १९९९ च्या हंगामात तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला.

आता नेब्रास्काकडे पाहू. लिंकन शहरातल्या या विद्यापीठाच्या मैदानाची सारी तिकिटे १९६२ पासून प्रत्येक सामन्याला खपत आली आहेत. पाहुणा संघ चांगला खेळला तर त्यालाही टाळ्या वाजवणारे प्रेक्षक अशी तिथल्या लोकांची ख्याती. तिथे टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षे प्रशिक्षक होते. पहिली पाच वर्षे ते ओक्लाहोमा या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडून सलग हरले. मोठा सामना त्यांना जिंकता येत नाही, असे लोक म्हणत. फ्रँकलिनबद्दल जे म्हटले गेले नेमके तेच! ऑस्बोर्न यांना पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते २२ व्या हंगामात, १९९४ साली. मग १९९५ आणि १९९७ अशी आणखी दोन मिळाली.

त्यांच्यानंतर फ्रँक सॉलिच आले. याच संघाचे जुने खेळाडू, ऑस्बोर्न यांचे अनेक वर्षांचे सहायक. सहा वर्षांत ५८ विजय आणि १९ पराभव. २००१ च्या हंगामात संघ विजेतेपदाच्या सामन्यात होता. २००२ मात्र फसले, ७ विजय आणि ७ पराभव. २००३ मध्ये संघ सावरला, ९ सामने जिंकला, आणि नववा विजय मिळवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सॉलिच यांना काढण्यात आले. कारण असे दिले गेले की संघाला सामान्यपणाकडे घसरू द्यायचे नाही. पुढच्याच वर्षी, १९६१ नंतर प्रथमच, नेब्रास्काच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली. नंतर आलेल्या बो पेलिनी यांनी सात हंगामांत प्रत्येक वेळी किमान ९ सामने जिंकले, त्यांनाही २०१४ मध्ये काढले. २०१७ ते २०२३ असे सलग सात हंगाम संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. ज्या सामान्यपणाच्या भीतीने सॉलिच गेले, तो सामान्यपणा त्यांच्या जाण्यानंतरच मुक्कामाला आला. सॉलिच मात्र ओहायो विद्यापीठात गेले, तिथे सोळा हंगाम राहिले आणि २०२४ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांची निवड झाली.

या दोन गोष्टींवरून ‘धीर धरा, सारे ठीक होईल’ असा सुविचार काढणे सोपे आहे, पण तो खरा नाही. धीर धरूनही काही न पिकलेली विद्यापीठेही आहेत. शिवाय काळ बदलला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येते. २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच त्यांना पैसे देऊ शकतात. पूर्वी अठरा वर्षांचे पोर घेऊन चार वर्षे घडवावे लागे, आता तयार खेळाडू बाजारातून उचलता येतो. इंडियाना या वर्षानुवर्षे हरणाऱ्या विद्यापीठाने २०२३ मध्ये ९ सामने गमावले, नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आणले, २०२४ मध्ये ११ सामने जिंकले आणि २०२५ मध्ये अपराजित राहून आपल्या गटाचे विजेतेपद घेतले. शेजाऱ्याच्या घरी दोन वर्षांत बंगला उभा राहिला की आपल्या घरचा गवंडी आळशी वाटू लागतो. चाहत्यांची घाई अशी वाढीस लागली आहे.

आणि ही घाई स्वस्त नाही. फ्रँकलिन यांना काढताना करारानुसार सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर, म्हणजे चारशे कोटी रुपयांहून अधिक देणे होते. त्यांना दुसरीकडे काम मिळाले म्हणून पुढे ९० लाख डॉलरवर तडजोड झाली. पंधरवड्यानंतर लुइझियानातल्या एलएसयूने ब्रायन केली यांना काढले, तेव्हा देणे ५ कोटी डॉलरच्या पुढे होते आणि राज्याचे गव्हर्नर त्या करारावर जाहीरपणे संतापले. राग शनिवारी रात्री येतो, त्याचे हप्ते मात्र वर्षानुवर्षे फेडावे लागतात.

याच पेन स्टेटच्या इतिहासात दुसरे टोकही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. तिथे जो पटर्नो ४६ हंगाम प्रशिक्षक होते आणि गावाचे दैवत होते. २०११ मध्ये त्यांचे जुने सहायक जेरी सँडस्की यांनी लहान मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे प्रकरण बाहेर आले. ऐकलेली गोष्ट पटर्नो यांनी वरिष्ठांच्या कानावर घातली, पण पुढे जे करायला हवे होते ते केले नाही, असा ठपका आला आणि विश्वस्तांनी त्यांना दूर केले. त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दूरचित्रवाणीची एक गाडी उलटवली. त्यांचा राग होता दैवत हलवल्याबद्दल. पुढच्या वर्षी सँडस्की दहा मुलांवरील अत्याचारांबद्दल दोषी ठरले. सामने जिंकून देणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत आणि सामने हरणाऱ्याचे काहीच ऐकून घ्यायचे नाही, ही एकाच खोडीची दोन रूपे आहेत. दोन्हींत माणूस दिसत नाही, फक्त गुणफलक दिसतो.

आपण यावर नाके मुरडू नयेत. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या, तेव्हा मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. १९७४ मध्ये तेच वाडेकर इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरून आले, तर त्यांच्या घरावर दगड पडले. तीन वर्षांत माणूस तोच होता. तेच वाडेकर पुढे नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले आणि संघ मायदेशी पुन्हा जिंकू लागला. दगड मारणाऱ्यांपैकी कोणी तेव्हा टाळ्या वाजवल्या असतील, तर त्या मनापासूनच वाजवल्या असणार.

वाईट हंगामात चाहत्याने करायचे काय? त्याने रागवावे. रागाचा हक्क तिकिटाबरोबरच मिळतो. पण निकाल देण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. संघ हरतो आहे तो थोडक्यात की सपशेल? हे दुखणे या वर्षीचे की जुने, आणि जुने असेल तर जिंकताना मी ते का बोललो नाही? आणि या माणसाच्या हाताखालची वीस वर्षांची मुले शिकत आहेत का, नीट वागत आहेत का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे गुणफलकात शोधता येतात. तिसऱ्याचे उत्तर तिथे कधीच सापडत नाही, आणि विद्यापीठाच्या संघाबाबत खरे तर तोच प्रश्न पहिला असायला हवा.

नियतीचा विनोद असा, की नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्रँकलिन यांना काम दिले ते व्हर्जिनिया टेकने, बीमरना सहा वर्षे सांभाळणाऱ्या विद्यापीठाने. त्यांची जागा तिथे रिकामी कशी झाली? सप्टेंबरमध्ये, पहिले तीन सामने हरल्याबरोबर, तिथल्या प्रशिक्षकांना नारळ मिळाला होता. त्यांचे नाव ब्रेंट प्राय, आणि ते पूर्वी पेन स्टेटमध्ये फ्रँकलिन यांचेच सहायक होते. बीमर यांच्या गावातही आता सहा वर्षे कोणी थांबत नाही. फ्रँकलिन तिथे पहिला सामना हरतील, तेव्हा आपण काय ओरडायचे हे तिथल्या चाहत्यांनी आधीच ठरवून ठेवलेले बरे.